ट्रॉलीतून आलेली गाठ: निपाणी भागातील एका पॉलिहाउसमधील टोमॅटो आणि सूत्रकृमी

निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठापासून थोडे वर, माळाच्या अंगाला दहा गुंठ्यांचे एक पॉलिहाउस आहे. ते उभे राहिल्यावर पहिली दोन वर्षे ढबू मिरचीने चांगले दिवस दाखवले, तिसऱ्या वर्षी काकडी झाली आणि चौथ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये टोमॅटोची लागवड झाली. अठरा बेड आणि सुमारे २,६०० झाडे असा हा पसारा आहे. शेतकऱ्यांची व गावाची ओळख येथे देत नाही, त्यांना मी बोलताना ‘काका’ म्हणतो आणि या टिपणातही तसेच म्हणेन. जानेवारीच्या अखेरीस काकांचा फोन आला, “साहेब, झाडं दुपारी माना टाकाय लागल्यात, सांजच्याला परत उभी राहत्यात. मर असती तर उठली नसती.”

हे निरीक्षण अचूक होते, परंतु त्यातून निष्कर्ष काढण्याआधीच तीन उपाय होऊन गेले होते. पाने पिवळी पडतात म्हणून ठिबकमधून सूक्ष्म अन्नद्रव्ये दिली होती, मर (झाड कायमचे सुकवणारा रोग) असावी या शंकेने बुरशीनाशकाची आळवणी दोनदा झाली होती आणि झाडे सुकतात म्हणून पाण्याची वेळ जवळजवळ दुप्पट केली होती. तिन्ही उपाय पानाकडे पाहून केलेले होते. चार वर्षांत त्या पॉलिहाउसमधले एकही मूळ कोणी धुऊन पाहिलेले नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्व नुकसानीचे मूळ कारण हेच आहे.

मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. प्रथम सुकणाऱ्या झाडाच्या बुंध्याचा तुकडा तिरका कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरला. जिवाणूजन्य मर असती, तर काही मिनिटांत कापाच्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरला असता. तसे काही झाले नाही. मग झाड उपटू न देता खुरप्याने भोवतालची माती मोकळी करून ते मुळांसह उचलले, कारण उपटले की नेमकी दुखावलेली बारीक मुळे मातीतच राहतात आणि हातात फक्त जाड सोटमूळ येते. बादलीत मुळे हलक्या हाताने खळाळल्यावर जे दिसले, ते पाहून काका काही वेळ बोललेच नाहीत. मुळांना तंतू उरलेच नव्हते. जागोजाग मोहरीपासून आल्याच्या तुकड्याएवढ्या गाठी, एकीला दुसरी चिकटून, मुळाची माळ झाल्यासारख्या. काम करणाऱ्या बाईंपैकी एक चिकोडीकडच्या कन्नड बोलणाऱ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, “बेरिगे गंटु बिद्दाव.” मुळांना गाठी पडल्या आहेत. रोगाचे कन्नड नाव ‘बेरुगंटू’ हेच आहे. आमच्या भागात विद्यापीठांच्या शेतीविषयक शिफारशी दोन दिशांनी येतात, धारवाड-बागलकोटकडून कन्नडमध्ये आणि राहुरीकडून मराठीत. मराठीत याला मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी म्हणतात, म्हणजे मातीत राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा कृमी.

सोयाबीन किंवा भुईमूग ओळखणाऱ्या शेतकऱ्याला मुळावरील गाठ चांगलीच वाटते, म्हणून फरक तेथेच दाखवला. शेंगवर्गीय पिकाची रायझोबियमची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते आणि नखाने सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सोलून निघत नाही. एक जाड गाठ ब्लेडने उभी चिरून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली, तेव्हा आत मोत्यासारखे पांढरे, नासपतीच्या आकाराचे चकचकीत ठिपके दिसले. त्या प्रौढ माद्या होत्या. गाठीच्या सालीवर काही ठिकाणी डिंकासारखा तपकिरी ठिपका होता, तो अंड्यांचा पुंजका. एका पुंजक्यात साधारण २०० ते ५०० अंडी असतात.

पुढील सर्व निर्णय या किड्याच्या जीवनक्रमावर ठरले. अंड्यातून बाहेर पडलेली दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले ही एकच अवस्था मुळात शिरू शकते. ती मुळाच्या कोवळ्या टोकामागून आत जातात, एका जागी स्थिर होतात आणि त्यांच्या तोंडाभोवतीच्या पेशी फुगून महाकाय होतात. झाड आपले अन्न या पेशींना पुरवू लागते, आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या त्याच ठिकाणी चिरडल्या जातात. दुपारी झाड माना टाकते ते याच कारणाने. जमिनीत पाणी भरपूर असते, परंतु ते वर चढण्याची वाटच मोडलेली असते. माती २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल, तर साधारण चार आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते. एका मादीच्या ३०० अंड्यांपैकी केवळ ५ टक्के पिल्लांना मूळ सापडून त्यांच्या माद्या झाल्या असे धरले, तरी दुसऱ्या पिढीला १५, तिसरीला २२५, चौथीला ३,३७५ आणि पाचवीला ५०,००० च्या वर हा आकडा जातो. पाच-सहा महिने उभ्या राहणाऱ्या पिकात पाच पिढ्या सहज बसतात. १८५५ मध्ये इंग्लंडमध्ये बर्कली यांनी मुळांवरील या गाठींची पहिली नोंद केली, तीही काचगृहातील काकडीवर. उबदार, ओलसर आणि वर्षभर मूळ हजर असलेली जागा या किड्याला पहिल्यापासूनच मानवत आली आहे.

आता प्रश्न होता की हा किडा आला कोठून. याचे उत्तर पुढच्या उपायांसाठी आवश्यक होते. रोपांतून आला असेल, तर सर्व बेडमध्ये प्रादुर्भाव थोडाफार सारखा दिसायला हवा. मातीतून आला असेल, तर तो ठिकठिकाणी, तुकड्यांनी दिसायला हवा. म्हणून प्रत्येक बेडमधून एक सर्वांत सुकलेले आणि एक सर्वांत निरोगी दिसणारे, अशी दोन झाडे काढली आणि ० ते ५ या प्रमाणावर गाठींची नोंद केली. ० म्हणजे एकही गाठ नाही, ५ म्हणजे मूळभर गाठी. दाराकडून मोजल्यास पहिल्या सात बेडमध्ये निरोगी वाटणाऱ्या झाडांनाही ४ व ५ असे आकडे आले, आठव्या-नवव्या बेडमध्ये १ आणि २, आणि दहाव्या बेडपासून पुढे बहुतेक ० होते.

वहीच्या कागदावर काढलेला तो नकाशा पाहून काकी आत गेल्या आणि हिशोबाची वही घेऊन आल्या. पॉलिहाउस उभारताना काळ्या रानावर तांबडी माती भरण्यासाठी सत्तरएक ट्रॉल्या आल्या होत्या, आणि कोणत्या दिवशी कोणाच्या ट्रॅक्टरला किती पैसे दिले, हे त्यांनी लिहून ठेवले होते. पहिल्या चार दिवसांची माती जवळच्या एका रानातून आली होती, नंतर तेथील माती संपली म्हणून पुढची माळावरून आणली. “ते रान म्हंजे तंबाखूच्या तरव्याची जागा, न्हवं का?” काकींनी विचारले, आणि काकांनी मान हलवली. पहिल्या चार दिवसांच्या ट्रॉल्या दाराकडच्या बेडमध्ये पडल्या होत्या.

निपाणीचा तंबाखू सर्वांना ठाऊक आहे. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातील पिके असून दोन्ही या सूत्रकृमीची आवडती यजमान आहेत, आणि वर्षानुवर्षे एकाच जागी केल्या जाणाऱ्या तरव्यात (रोपे तयार करण्याच्या वाफ्यात) तिची संख्या वाढतच जाते. आपल्या भागातील जुनी माणसे तरवा टाकण्यापूर्वी काटक्या, पालापाचोळा, शेण रचून राब भाजत असत. तण मरावे हा हेतू होताच, पण त्या उष्णतेने वरच्या थरातील सूत्रकृमीही मरत होत्या. राब भाजणे मागे पडले आणि तरव्याची माती मात्र ‘कसदार तांबडी माती’ म्हणून पॉलिहाउसमध्ये पोहोचली. सूत्रकृमी स्वतःच्या चालीने वर्षाला जेमतेम मीटरभर सरकते. चार-पाच मैलांचा प्रवास तिला ट्रॅक्टरने करवून दिला.

मुळांचा आणि मातीचा नमुना ओल्या पिशवीत, सावलीत ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवला. दोन वर्षांच्या ढबूनंतर प्रादुर्भाव टिकून वाढला होता, त्यावरूनच ही सूत्रकृमीची मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा ही जात असावी असा माझा अंदाज होता, कारण तिची जवळची बहीण जावानिका ढबूवर सहसा वाढत नाही. मादीच्या पाठीमागील रेषांवरून झालेली ओळख तीच आली.

उभ्या पिकाचे काय करायचे, यावर आमचे एकमत होण्यास वेळ लागला. झालेली गाठ पूर्ववत होत नाही, आणि मुळाच्या आत बसलेल्या मादीपर्यंत मातीत दिलेले औषध नीट पोहोचत नाही. दर तिसऱ्या दिवशी तोडा चालू असताना काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, म्हणजे औषध दिल्यापासून तोडणीपर्यंत सोडायचे दिवस, पाळणेही शक्य नव्हते. शेडमध्ये फोरेट या जहाल कीटकनाशकाच्या दाण्यांची अर्धी पिशवी पडून होती, आणि शेजाऱ्यांचा सल्ला तीच टाकण्याचा होता. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी खाण्याच्या फळाच्या मुळाशी ते टाकावे असे मी कधीच सांगितले नसते. बेळगावच्या बाजारातून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारा हा माल लहान मुलांच्या ताटातही जातो. ती पिशवी तशीच बाजूला काढून ठेवायला लावली.

त्याऐवजी बुंध्याशी चार बोटे शेणखत-मातीची भर दिली, म्हणजे पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतील, आणि ठिबक दिवसातून एकदा लांब चालवण्याऐवजी तीन वेळा थोडे थोडे चालवले. झाडांनी तग धरला आणि मार्चअखेरपर्यंत तोडे मिळाले. मात्र फुटलेली ती नवी मुळे सूत्रकृमींनाही नवे खाद्य होती. आज हाच निर्णय पुन्हा घ्यायचा झाला, तर पहिले सात बेड मी फेब्रुवारीतच काढायला सांगेन. त्या दोन महिन्यांच्या उत्पन्नासाठी मातीत दोन पिढ्या वाढू दिल्या, आणि त्यांची किंमत नंतर मोजावी लागली.

पीक काढण्याची पद्धत बदलणे हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होता. आधीच्या तिन्ही वर्षी झाडे जमिनीलगत कापून वेल ओढून नेले होते आणि मुळे बेडमध्येच कुजू दिली होती. यंदा दाराच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे स्वच्छ बेडकडून सुरुवात करून प्रत्येक झाड खुरप्याने मुळांसह काढले, मुळे पोत्यात भरून पॉलिहाउसबाहेर पत्र्यावर वाळवली आणि जाळली. उकिरड्यात एकही मूळ जाऊ दिले नाही. घोळ, काटेमाठ आणि कामोणी ही बेडच्या कडेची तणेही मुळांसह निघाली, कारण पीक नसताना सूत्रकृमी त्यांच्यावरच दिवस काढते.

एप्रिलमध्ये सौरतापनास, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाखाली उन्हाने माती तापवण्यास, सुरुवात झाली. काकांनी मल्चिंगचा जुना काळा कागद काढून ठेवला होता. काळ्या कागदाखाली उष्णता कागदातच अडकते. ऊन आरपार जाऊन माती खोलवर तापण्यासाठी पारदर्शक, पातळ, २५ मायक्रॉनचा कागद लागतो. बेड भुसभुशीत करून, ढेकळे फोडून, वाफसा येईपर्यंत पाणी दिले, कारण ओल्या मातीतूनच उष्णता खाली उतरते आणि ओलाव्यामुळे अंडी व पिल्ले निद्रेतून जागी होऊन लवकर मरतात. कागद ताणून कडा मातीत गाडल्या आणि पॉलिहाउसचे सर्व पडदे बंद ठेवले. सहा आठवडे आत कोणी गेले नाही, फक्त मी थर्मामीटर पाहण्यासाठी दर चार दिवसांनी जात होतो. दुपारी तीन वाजता बेडच्या मध्यभागी १५ सेंटिमीटर खोलीवर ४३ ते ४४ अंश, आणि बाजूच्या भिंतीलगत, पायाच्या काँक्रीटशेजारी ३७ ते ३८ अंश अशी नोंद मिळाली. वळवाचा पाऊस झाला त्या आठवड्यात दोन्ही आकडे आणखी खाली आले.

कागद काढल्यावर प्रत्येक बेडच्या मध्यातून आणि टोकांवरून माती घेऊन प्लास्टिकच्या पेल्यांत भरली आणि प्रत्येक पेल्यात साध्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या टोमॅटोचे एकेक रोप लावले. पाच आठवड्यांनी मुळे धुतली. हा प्रयोग कोणताही शेतकरी घरी करू शकतो, आणि खर्च पेल्यांइतकाच आहे. बेडच्या मध्याची मुळे दोन अपवाद वगळता पांढरीशुभ्र होती. भिंतीकडील टोकांच्या आणि दाराजवळच्या पेल्यांत मात्र गाठी होत्या. थर्मामीटरने जे आधीच सांगितले होते, तेच मुळांनी दाखवले. ३० सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या सूत्रकृमी तर या उष्णतेच्या पल्ल्याबाहेरच राहतात.

यापुढे मतभेद झाला. पावसाळ्यात उघड्या रानातील टोमॅटो सडतो आणि पॉलिहाउसमधील टोमॅटोला वर्षातला सर्वांत चांगला दर मिळतो. जून ते सप्टेंबर बेड मोकळे ठेवा, हे कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला सांगणे सोपे नसते, आणि काकांचा राग मला समजत होता. शेवटी नवव्या बेडपर्यंत झेंडू आणि दहाव्यापासून टोमॅटो अशी वाटणी केली. फ्रेंच झेंडूची मुळे अल्फा-टर्थिएनील नावाचे सूत्रकृमीला मारक द्रव्य तयार करतात, मुळात शिरलेली पिल्ले तेथे वाढू शकत नाहीत, आणि दसऱ्याला फूल विकले जाते. अट एकच ठेवली होती, की झेंडू दाट लावायचा आणि त्यात एकही तण ठेवायचे नाही. झेंडूच्या मधून कामोणीचे एक झाड वाढले, तर सूत्रकृमीची एक पिढी तेथे सुखाने निघते.

शेणखताबाबत एक चूक दुरुस्त करावी लागली. मागील वर्षी काकांनी बेड फॉर्मेलिनने निर्जंतुक केले होते आणि त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा टाकला होता. म्हणजे जिवंत बुरशी विकत आणून ती मारण्याची व्यवस्थाही स्वतःच केली होती. यंदा क्रम पाळला. कागद निघाल्यावरच एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात पर्प्युरिओसिलियम लिलासिनम, पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया आणि ट्रायकोडर्मा प्रत्येकी दोन किलो मिसळून, निंबोळी पेंड घालून ढीग सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवला आणि दोनदा वरखाली केला. बंगळूरुजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे. यातील पहिल्या दोन बुरशी अंड्यांच्या पुंजक्यावर वाढून अंडी नष्ट करतात, आणि त्यांना खाण्यापुरता सेंद्रिय भाग मातीत असल्याशिवाय त्या टिकत नाहीत. कोरड्या मातीत नुसती भुकटी टाकून उपयोग होत नाही, तो याच कारणाने.

ऑक्टोबरमध्ये सर्व बेडवर मुळगाठ सूत्रकृमीस प्रतिकारक संकरित टोमॅटो लावला. ही प्रतिकारशक्ती ‘एमआय’ या जनुकामुळे येते. पेरू देशातील एका रानटी टोमॅटोकडून १९४० च्या दशकात ते आपल्या टोमॅटोत आणले गेले. त्याची मर्यादा अशी की माती सुमारे २८ अंशांच्या वर तापली की ते निकामी होते. शेजारच्या गावातील एका पॉलिहाउसमध्ये असेच रोप मार्चमध्ये लावले होते आणि ‘बियाणे फसवे निघाले’ असे म्हणत ते उपटले गेले. बियाणे फसवे नव्हते, लावण्याची वेळ चुकली होती. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या जनुकाला मानवणारा आहे. शिवाय पहिल्या नऊ बेडमध्ये टोमॅटोसाठी लेबल असलेले फ्लुओपायरम हे सूत्रकृमीनाशक लेबलवरील मात्रेतच लागवडीच्या वेळी ठिबकमधून एकदा दिले. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडवावर ठेवणाऱ्या रोपवाटिकेतूनच रोपे घेतली, कारण जमिनीवरच्या ट्रेच्या छिद्रातून मूळ खाली मातीत उतरते. अवजारे स्वच्छ बेडकडून दाराकडे या एकाच दिशेने फिरतील असा नियम केला आणि पॉवर टिलर बाहेरून मागवणे बंद केले.

जानेवारीत पुन्हा प्रत्येक बेडमधून दोन झाडे काढली. दुसऱ्या ते आठव्या बेडपर्यंत ० आणि १. पावसाळ्यात टोमॅटो घेतलेल्या दहाव्या बेडमध्ये, जो आधी स्वच्छ होता, १ आणि २ असे आकडे आले. नवव्या बेडशेजारची वाट तुडवणारी पावले आणि एकच खुरपे, याखेरीज मला दुसरे कारण सापडत नाही. वाटणीला होकार देताना हा धोका मी काकांना पुरेसा स्पष्ट करून सांगितला नव्हता. दाराजवळच्या पहिल्या बेडच्या टोकाला अजून ३ आहे. त्या टोकाची चार मीटर माती काढून तेथे कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्या ठेवण्याचे आणि उरलेल्या बेडमध्ये पुढच्या पावसाळ्यात हिरवळीच्या खताचा ताग घेण्याचे ठरले आहे. प्रतिकारक कलमी रोपांचाही विचार झाला, परंतु जवळपास कलमे मिळत नाहीत आणि दुरून आणण्याचा खर्च या क्षेत्राला परवडत नाही.

काढायच्या मातीच्या जागी, पिशव्यांखाली भरण्यासाठी काकांनी गेल्या आठवड्यात माळावरून तांबड्या मातीची एक ट्रॉली मागवली. ती पॉलिहाउसच्या दाराबाहेर ताडपत्रीवर पडून आहे. काकींनी त्यातली माती सहा पेल्यांत भरून रोपे लावली आहेत, पेल्यांवर तारीख लिहिली आहे, आणि पाचवा आठवडा भरून मुळे धुऊन पाहीपर्यंत त्या ढिगाला फावडे लावायचे नाही, असे त्यांनी ट्रॅक्टरवाल्यालाही सांगून ठेवले आहे.